कॉलची स्क्रीन रातोरात का बदलली, आणि ‘होईल सवय’ एवढं उत्तर का पुरत नाही

२०२५च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, देशभरातल्या असंख्य अँड्रॉइड फोनवर कॉल लावायची आणि घ्यायची स्क्रीन अचानक वेगळीच दिसायला लागली. कुणी काही डाउनलोड केलं नव्हतं, फोन बंद करून चालू केला नव्हता, ‘अपडेट करू का?’ असा प्रश्नही आला नव्हता. रात्री झोपताना एक होतं, सकाळी दुसरंच. घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मग तोच प्रश्न फिरला: माझा फोन हॅक झालाय का? दोन-तीन दिवसांत ‘घाबरू नका’ छापाच्या बातम्या आल्या, जुनी स्क्रीन परत कशी आणायची याचे व्हिडिओ आले, आणि आठवडाभरात विषय मागे पडला.

हॅक-बिक काही नव्हतं. गूगलच्या ‘फोन’ या ॲपने रूप बदललं होतं, एवढंच. गूगलने त्याच वर्षी मे महिन्यात ‘मटेरियल ३ एक्स्प्रेसिव्ह’ नावाची नवी रचनाशैली जाहीर केली होती: मोठी बटणं, गोलसर आकार, ठसठशीत रंग, उसळी घेणारी हालचाल. ती शैली एकेक करून कंपनीच्या ॲप्समध्ये उतरत होती आणि ऑगस्टमध्ये कॉलच्या ॲपचा नंबर लागला. आपल्याकडे अनेक कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनवर कॉलिंगसाठी हेच ॲप आधीपासून घातलेलं येतं, म्हणून फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असूनही बदल एकदमच दिसला. सॅमसंगचं कॉलिंगचं ॲप स्वतःचं असतं, आयफोनचं तर असतंच. त्यामुळे एकाच घरात वडिलांचा फोन बदलला आणि मुलीचा होता तसाच राहिला. संशय वाढायला तेवढं पुरेसं होतं.

या प्रकरणात समजून घेण्यासारखं बरंच आहे. न विचारता फोन बदलू कसा शकतो, नवं रूप आलं की लोक चिडतात का, आणि त्या चिडण्यातला किती भाग दोन महिन्यांत विरतो नि किती विरत नाही. ‘लोकांना बदल आवडत नाही, होईल सवय’ हे वाक्य अशा वेळी फार स्वस्तात वापरलं जातं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागासाठीच हा लेख.

न विचारता बदल होतो कसा

बहुतेकांच्या डोक्यात अपडेटचं चित्र जुनं असतं. सूचना येते, आपण ‘हो’ म्हणतो, फोन बंद होऊन चालू होतो, लोगो दिसतो, मग नवं काहीतरी. ऑपरेटिंग सिस्टिमचं मोठं अपडेट आजही साधारण असंच येतं. पण ॲप्सची अपडेट्स प्ले स्टोअरमधून येतात आणि बहुतेक फोनवर ती आपोआप होण्याची सोय चालू असते. रात्री फोन चार्जिंगला, वायफाय सुरू, की पंधरा-वीस ॲप्स गुपचूप नवी होऊन जातात.

त्याच्याही पुढची एक पायरी आहे. नवी स्क्रीन ॲपच्या अपडेटमध्ये आलेली असते, पण झाकलेली. फोनमध्ये जुनं आणि नवं दोन्ही रूप एकाच वेळी असतं. कुणाला कुठलं दाखवायचं हे कंपनीच्या सर्व्हरवरून ठरतं. घराचं वायरिंग आधीच करून ठेवलंय आणि मेन स्विच मात्र दुसऱ्या गावी आहे, तसं. आधी थोड्या लोकांकडे चालू करायचं, ॲप बंद पडतंय का, कॉल कटतायत का ते बघायचं, मग टक्का वाढवत न्यायचा. कंपनीच्या दृष्टीने ही शहाणपणाची पद्धत आहे, कारण गडबड झाली तर तो स्विच लगेच मागे घेता येतो. आपल्या दृष्टीने तिचा अर्थ असा, की बदलाचा दिवस आपण निवडलेला नसतो आणि तो कधी येणार हे कळायला मार्गही नसतो. शेजाऱ्याकडे मंगळवारी, आपल्याकडे शुक्रवारी.

आता ‘हॅक झालाय का’ या प्रश्नाकडे परत बघा. डिजिटल अरेस्टच्या नावाखाली लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालवल्याच्या बातम्या वर्षभर येत होत्या. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली फाइल उघडली आणि खातं रिकामं झालं, असे प्रकार गावोगाव घडले होते. २०२५च्या उन्हाळ्यापर्यंत तर कॉल लावला की आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात सायबर फसवणुकीचा इशारा ऐकावा लागायचा. ‘फोनवर अनोळखी काही दिसलं तर सावध व्हा’ हे इतक्या वेळा कानावर पडलेल्या माणसाला एका सकाळी अनोळखी कॉल स्क्रीन दिसली. तो सावध झाला. म्हणजे दिलेला धडा त्याने बरोबर गिरवला! त्याच्या अडाणीपणाचे मीम फिरवणाऱ्यांपेक्षा मला तोच जास्त शहाणा वाटतो. पहिल्यांदा ॲप उघडल्यावर, वाचल्याशिवाय हलणार नाही अशी ‘या ॲपचं रूप बदललं आहे, तुमचा फोन सुरक्षित आहे’ एवढी ओळ, ती त्याच्या भाषेत, पुरली असती.

अंगठ्याला काय माहीत असतं

बदललं काय काय? आधी खालच्या पट्टीत आवडते नंबर, अलीकडचे कॉल आणि संपर्क असे वेगवेगळे कप्पे होते आणि आकड्यांचा कीपॅड एका तरंगत्या गोल बटणामागे. नव्या रचनेत आवडते आणि अलीकडचे एकत्र करून ‘होम’ झालं, कीपॅडला खालच्या पट्टीत जागा मिळाली, आणि संपर्कांची यादी वरच्या शोधपट्टीतल्या आडव्या रेघांमागे, मेनूत गेली. आधी एकाच नंबरचे लागोपाठचे कॉल एका ओळीत गोळा होऊन त्यांचा आकडा कंसात दिसायचा. आता प्रत्येक कॉल स्वतंत्र, ज्या वेळेला आला त्या क्रमाने. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: येणारा कॉल. पूर्वी वर सरकवलं की कॉल घेतला जायचा, खाली सरकवलं की नाकारला. नव्या रचनेत आडवं सरकवणं किंवा नुसतं टॅप करणं, असे दोन पर्याय आले.

या यादीत भयंकर असं काहीच नाही. आडवं सरकवण्यामागे कारणही होतं: खिशातून फोन ओढून काढताना बोट उभं घसरतं आणि कॉल चुकून घेतला किंवा तोडला जातो. मग लोक एवढे का वैतागले?

एक साधा प्रयोग करून बघा. फोन पालथा ठेवा आणि घरातल्या कुणालाही विचारा, कॉलच्या ॲपमध्ये खालच्या पट्टीत डावीकडून दुसरं बटण कुठलं? बहुतेकांना सांगता येणार नाही. तोच फोन हातात द्या, अंगठा बरोबर तिथे जाईल. रोज करायच्या गोष्टी आपण आठवून करत नाही. दिवसातून वीस-पंचवीस वेळा एकच हालचाल केली, की ती डोळ्यांच्या आणि विचाराच्या हातून सुटते आणि स्नायूंच्या हवाली होते. तिथे गेल्यावर ती झपाट्याने होते, पण तिला बदल कळत नाही. स्क्रीनवर ठळक ‘आडवं सरकवा’ लिहिलेलं असलं तरी अंगठा वर जातो, कारण अंगठा वाचत नाही.

इतर ॲपमध्ये अशी चूक झाली तर फार बिघडत नाही. फोटो सापडला नाही तर पाच मिनिटांनी सापडतो. येणारा कॉल ही मात्र फोनवरची बहुधा एकमेव स्क्रीन, जिथे घड्याळ चालू असतं. दूरसंचार नियामक असलेल्या ‘ट्राय’ने नोव्हेंबर २०१९मध्ये मोबाइलवर रिंग ३० सेकंद वाजावी असं ठरवून दिलं, लँडलाइनवर ६०. त्या ३० सेकंदांत फोन शोधायचा, पिशवीतून काढायचा, चश्मा कपाळावर असेल तर खाली ओढायचा, नाव वाचायचं आणि मग उचलायचा. त्यातल्या उरलेल्या सात-आठ सेकंदांत नवी रीत शिकायची वेळ आली की माणूस दोनदा वर सरकवतो, तिसऱ्यांदा जोर लावून सरकवतो आणि रिंग थांबते. समोरचा म्हणतो, ‘फोन का उचलत नाही?’

बरं, हा बदल सगळ्यांना सारखा लागत नाही. जो स्वतः सेटिंगमध्ये शिरून खुडबुड करतो त्याच्या डोक्यात ॲपचा नकाशा असतो. एक रस्ता बंद झाला तर तो दुसरा शोधतो. पण आपल्याकडे कितीतरी लोकांना फोन ‘लावून दिलेला’ असतो. मुलाने, नातीने, दुकानदाराने दाखवलेलं असतं: हिरवं दिसलं की वर ढकल, बोलून झालं की लाल दाब. ही कृती आहे, नकाशा नव्हे. कृतीतली एक पायरी बदलली की पुढचं सगळं अडतं, आणि कुठे अडलं हेही सांगता येत नाही. वाचता कमी येणाऱ्या माणसासाठी तर बटणाची जागा आणि रंग हीच त्याची लिपी असते. मुलगा ह्यूस्टनला असेल आणि त्याच्या हातात आयफोन असेल, तर व्हिडिओ कॉलवर ‘आई, आता वरच्या कोपऱ्यात बघ’ म्हणून तो काय मार्गदर्शन करणार? त्याच्यासमोर ती स्क्रीनच नाही.

एकत्र गोळा होणारे कॉल सुटे झाले, ही तक्रार मला सगळ्यांत रास्त वाटते. मिस्ड कॉल हा आपल्याकडे निरोप आहे. ‘पोचलो की मिस्ड कॉल देतो’ ही पद्धत कॉल स्वस्त झाल्यावरही गेली नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गॅसवाला, क्लिनिकमधला कंपाउंडर यांच्यासाठी कॉल लॉग ही दिवसाच्या कामाची यादीच असते. दुपारी शिडीवरून उतरल्यावर यादीत शिंदे पाच, कुलकर्णी दोन, सोसायटीचा वॉचमन एक, अशा तीन ओळी दिसल्या की कुणाला आधी फोन करायचा ते कळतं. आता आठ ओळी दिसतात, त्याही एकमेकांत मिसळलेल्या. कुठला कॉल किती वाजता आला हे अधिक नेमकं कळतं, हे खरं. पण इलेक्ट्रिशियनला ते नको होतं. शिंद्यांच्या घरची लाइट गेलीय आणि ते घायकुतीला आलेत, हे त्याला त्या कंसातल्या पाचावरून कळत होतं.

तक्रारी एका जातीच्या नसतात

नव्या रूपावरच्या प्रतिक्रिया वाचताना सगळा कालवा एकच वाटतो. नीट निवडलं तर त्यात निदान तीन वेगळ्या तक्रारी सापडतात: ‘माझी सवय मोडली’, ‘मला दिसत नाही किंवा माझ्या शरीराला सोसत नाही’, आणि ‘मला न विचारता का केलंत’. पहिली काळाबरोबर विरते. दुसरी विरत नाही. तिसरी विरल्यासारखी वाटते, पण पुढच्या बदलाच्या वेळी दुप्पट होऊन येते. हे नुसतं माझं मत म्हणून घेऊ नका. याचा उत्तम दाखला ॲपलने बारा वर्षांच्या अंतराने दोनदा दिला आहे.

पहिला प्रसंग आयओएस ७चा, म्हणजे आयफोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीचा. १० जून २०१३ला ते जाहीर झालं, १८ सप्टेंबरला लोकांच्या हातात आलं. त्याआधीच्या आयफोनवर नोंदवही खरोखर पिवळ्या कागदाची दिसायची, पुस्तकांचं कपाट लाकडी, गेम सेंटरला जुगाराच्या टेबलासारखं हिरवं कापड, मित्र शोधायच्या ॲपला चामडं आणि त्यावर शिवणीचे टाके. पडद्यावरच्या गोष्टीला खऱ्या वस्तूचा वेश द्यायचा, म्हणजे नवख्याला ती ओळखीची वाटते, अशी ती कल्पना. ऑक्टोबर २०१२मध्ये आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख स्कॉट फोर्स्टॉल यांना कंपनीतून जावं लागणार हे जाहीर झालं, पडद्यावरच्या रचनेची सूत्रं ॲपलच्या उपकरणांना आकार देणाऱ्या जॉनी आइव्ह यांच्याकडे आली आणि वर्षाच्या आत हा सगळा वेश उतरवला गेला. सपाट रंग, सडपातळ अक्षरं, दुधी काचेसारखे थर, आणि ॲप उघडताना आत शिरल्यासारखी झूम होणारी हालचाल.

ओरड जबरदस्त झाली. आयकॉन बालिश आहेत, रंग भडक आहेत, चामडं परत आणा. यातल्या ‘चामडं परत आणा’चं पुढे काय झालं? काही नाही. वर्षभरात ते जुनं रूप बघून लोकांनाच हसू यायला लागलं.

पण त्याच गलक्यात दुसरे काही लोक वेगळं सांगत होते. झूमच्या हालचालीने आम्हाला गरगरतं, मळमळतं. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला शरीर स्थिर असल्याचं कळत असतं आणि डोळे मात्र ‘आपण पुढे चाललोय’ सांगत असतात. त्या दोघांचं पटलं नाही की घाटात गाडी लागते, तसाच हा प्रकार, फक्त हातातल्या फोनवर. याला सवय हे औषध नव्हतं. ऑक्टोबरमध्ये आलेल्या ७.०.३ या आवृत्तीत ‘हालचाल कमी करा’ हे सेटिंग चालू केल्यास झूमऐवजी एक चित्र विरून दुसरं उमटेल, अशी सोय झाली. बटणाला कडा नसल्यामुळे कशावर टॅप करता येतं हेच कळत नाही, ही दुसरी टिकाऊ तक्रार. मार्च २०१४च्या ७.१मध्ये बटणांचे आकार दाखवण्याचा पर्याय आला. सडपातळ अक्षरं तर सगळ्यांसाठी खुलं होण्याआधी चाचणीच्या काळातच थोडी जाड करावी लागली होती.

दरम्यान, पहिल्या पाच दिवसांत २० कोटींहून अधिक उपकरणांवर आयओएस ७ चढल्याचं ॲपलने अभिमानाने सांगितलं. असे आकडे लोकांना रूप आवडल्याचा पुरावा म्हणून दाखवले जातात. मला ते पटत नाही. नवी आवृत्ती चढवली की थोड्याच दिवसांत मागे जायची वाट बंद होते, कारण जुनी आवृत्ती फोनवर घालायलाही ॲपलच्या सर्व्हरची मंजुरी लागते आणि कंपनी ती द्यायची थांबवते. परतीचं तिकीटच मिळत नसेल, तर किती लोक गेले यावरून गाव कसं आहे ते ठरत नाही.

दुसरा प्रसंग ताजा आहे. ९ जून २०२५ला ॲपलने ‘लिक्विड ग्लास’ दाखवलं आणि आवृत्तीचा क्रमांकही १८वरून थेट २६वर नेला. यात बटणं आणि पट्ट्या काचेच्या तुकड्यासारख्या वागतात. मागचं चित्र त्यातून दिसतं, कडेला प्रकाश वाकतो, बोट लावलं की थेंबासारखी हालचाल होते. तांत्रिकदृष्ट्या हे भारी काम आहे, यात शंका नाही. काचेमागे काय आहे ते दर क्षणी वाचायचं, कडेजवळचे ठिपके वाकवून पुन्हा रंगवायचे, आणि तुम्ही यादी सरकवत असताना हे सगळं न अडखळता करायचं.

अडचण अक्षरांची झाली. चाचणीच्या पहिल्या आवृत्तीत नियंत्रण केंद्र उघडलं की त्याची बटणं आणि मागचे ॲपचे आयकॉन एकमेकांत कालवले जायचे. इथे थोडं गणित कामाला येतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाला मोजमाप आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ला १, सगळ्यांत जास्त. दोन्ही एकाच रंगाचे असतील तर १ला १, म्हणजे काहीच दिसणार नाही. वेबसाठीचे जागतिक संकेत सांगतात, की नेहमीच्या आकाराच्या मजकुराला निदान ४.५ला १ एवढा फरक हवा, मोठ्या अक्षरांना ३ला १ चालेल. मध्यम राखाडीवर पांढरं अक्षर या रेषेवर जेमतेम टिकतं. शुद्ध पिवळ्यावर पांढरं अक्षर १.०७ला १ भरतं, म्हणजे जवळपास अदृश्य. आता काचेचं बटण घ्या. अक्षर पांढरं आहे, पण मागे काय येणार हे रचना करणाऱ्याच्या हातात नाही. तुम्ही झेंडूच्या हाराचा फोटो वॉलपेपर म्हणून लावलात तर? काळ्या कातळावर सुरेख दिसणारं तेच बटण झेंडूवर हरवणार. काच आपोआप गडद-फिकी होऊन सावरायचा प्रयत्न करते, पण काच जितकी पारदर्शक तितकी तिची सावरायची ताकद कमी. पारदर्शकपणा आणि वाचनीयता यांची ही ओढाताण कितीही हुशारीने मिटत नाही, फक्त काटा कुठे ठेवायचा तेवढं ठरवता येतं.

आणि तो काटा त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हलत राहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणी-आवृत्तीत काच अधिक दुधी झाली. लगेच दुसरा गट चिडला: मग हिला काच म्हणायचं कशाला, सगळी मजा घालवलीत! चौथीत पारदर्शकपणा काहीसा परत आला. १५ सप्टेंबरला आयओएस २६ सगळ्यांसाठी आलं, आणि ३ नोव्हेंबरच्या २६.१मध्ये ॲपलने शेवटी सेटिंगमध्येच दोन पर्याय दिले, एक पारदर्शक आणि एक गडद झाक असलेला. बारा वर्षांपूर्वीच्या प्रसंगाशी ताडून बघा. वाद सौंदर्याचा होता तेवढा विरायच्या मार्गाला लागला. डोळ्यांचा प्रश्न मात्र सेटिंगमध्ये स्विच झाल्याशिवाय सुटला नाही. चाळिशी लागलेल्या माणसाला ‘होईल सवय’ म्हणणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

मग एवढ्या चाचण्या कशाच्या करतात?

इथे गूगलची बाजूही मांडली पाहिजे. कंपनीच्या सांगण्यानुसार मटेरियल ३ एक्स्प्रेसिव्हसाठी ४६ अभ्यास झाले, १८,०००हून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. नव्या रचनेत महत्त्वाचं बटण लोकांच्या नजरेत चौपटीपर्यंत लवकर आलं, आणि वयस्कर लोकही ते तरुणांइतक्याच झटपट शोधू शकले, असं त्यांनी सांगितलं. मी हे आकडे खोटे मानत नाही. मोठं, ठळक बटण लवकर दिसणारच.

पण ‘किती लवकर दिसतं’ हा पहिल्या भेटीचा प्रश्न आहे. जो माणूस आठ वर्षं एकाच जागी अंगठा टेकवतोय, त्याला शोधायला शून्य वेळ लागत होता, कारण तो शोधतच नव्हता. त्याच्यासाठी नवं बटण जुन्याच्या चौपट ठळक असलं, तरी पहिले पंधरा दिवस तो जुन्यापेक्षा हळूच असणार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात: नवी रचना अधिक चांगली असते, आणि तिच्यामुळे आजचा माणूस अडखळतो. कंपन्या पहिली मोजून दाखवतात. दुसरीचा खर्च कुणाच्या वहीत लिहिला जात नाही. तो आपल्या वेळेतून जातो, आणि घरातल्या ज्या कुणाला ‘जरा माझा फोन बघ’ असं म्हटलं जातं त्याच्या वेळेतून.

याला मानसशास्त्राचाही आधार आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये मांडलं, की मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख मोठं असतं. नव्या स्क्रीनवर काय मिळालं हे हळूहळू कळतं, काय गेलं ते पहिल्याच मिनिटाला. म्हणून पहिल्या आठवड्यातला राग निकाल म्हणून वाचू नये, हे कंपन्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण राग ओसरला म्हणजे तक्रार खोटी होती, असंही होत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२मध्ये विंडोज ८मधून स्टार्ट बटण काढून टाकलं. तिथे राग ओसरायची वाट बघून चाललं नाही. पुढच्याच वर्षी ८.१मध्ये बटण परत आलं, २०१५च्या विंडोज १०मध्ये त्यामागचा मेनूही.

आता हाताशी असलेले उपाय, कारण पुढचा बदल येणारच आहे. गूगलच्या कॉल ॲपमध्ये सेटिंगमध्ये जाऊन येणाऱ्या कॉलसाठीच्या ‘जेश्चर’चा, म्हणजे बोटाच्या हालचालीचा, पर्याय बघा. तिथे आडवं सरकवणं किंवा एक टॅप यांतलं निवडता येतं. घरातल्या वयस्कर माणसांसाठी मी टॅपच निवडेन. सरकवताना बोट मध्येच उचललं जातं, कोरड्या किंवा थरथरत्या बोटाने तर हमखास. जुनं रूपच हवं असेल, तर ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरून ॲपची माहिती उघडायची आणि वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून अपडेट्स काढून टाकायची. बहुतेक फोनवर तेवढ्याने ॲप कारखान्यातून आलं तसं होतं. मग प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपचं आपोआप अपडेट बंद करावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. पण हा तात्पुरताच इलाज समजा. त्या अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात, त्या अडवून फार दिवस बसणं बरं नाही. आयफोनवर काचेचा त्रास होत असेल तर सुलभता विभागात पारदर्शकता कमी करणं, कॉन्ट्रास्ट वाढवणं, अक्षरं ठळक करणं आणि हालचाल कमी करणं हे चारही स्विच आहेत. ते दिव्यांगांसाठीच आहेत असं समजून लोक तिकडे फिरकत नाहीत. खुशाल फिरका.

आणि आईवडिलांच्या फोनवर एक काम आजच करून ठेवण्यासारखं आहे. रोज लागणारे चार-पाच नंबर कॉल ॲपच्या आत शोधायला लावू नका. होम स्क्रीनवर रिकाम्या जागी बोट दाबून धरा, विजेट्समध्ये संपर्कांच्या खाली थेट कॉल लावण्याचं छोटं विजेट असतं, ते निवडून प्रत्येकाचं फोटोसह बटण बाहेरच मांडा. आतलं ॲप उद्या कसंही सजलं तरी ही बटणं सहसा जागची हलत नाहीत. मांडून झाली की दुसऱ्या फोनवरून त्यांना रिंग द्या आणि उचलायलाही त्यांनाच लावा, तुम्ही मध्ये बोट न घालता.